रात्री दुखणारा पाय

पायाच्या हाडात अर्बुद आहे एवढे शब्द कानी पडताच घरातील माणसे कर्करोगाच्या धास्तीने खचून जातात. आणि तेच अर्बुद सौम्य जातीचे आहे असे कळले की इतकी निर्धास्त होतात की, पुढील उपचारांची निकड कोणालाच वाटेनाशी होते. या दोन्ही अवस्थांतून मी स्वतः गेलो असल्यामुळे, अशा व्याधीने पीडित तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडावेत म्हणून हे अनुभवाचे बोल लिहीत आहे.

महाविद्यालयात शिकत असताना माझा उजवा गुडघा दुखू लागला. दिवसा कामाच्या ओघात ती वेदना सुसह्य असे. परंतु मध्यरात्र उलटली की ती असा जोर धरी की, कोणत्याही कुशीवर झोप लागणे दुरापास्त होई, आणि ॲस्पिरिनची गोळी घेतली की मात्र थोड्याच वेळात ती पार ओसरून जाई. पडल्याचे वा मार लागल्याचे काही निमित्त नव्हते, तापही नव्हता. गुडघ्याचे क्ष-किरण चित्र निर्दोष निघाल्यामुळे एका वैद्यांनी संधिवाताचे आणि दुसऱ्यांनी कमरेतील नस दबल्याचे निदान केले, वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर हाडवैद्याचे तेल आणि शेक यांचीही तजवीज झाली, आणि या साऱ्या अवधीत मांडी बारीक होत जाऊन चाल लंगडी झाली.

अखेरीस ज्या अस्थिशल्यविशारदांकडे आम्ही गेलो, त्यांनी दुखणे कोणत्या प्रहरी वाढते आणि कोणत्या औषधाने थांबते याची बारकाईने चौकशी केली, आणि गुडघा बाजूला ठेवून खुब्याचा सांधा फिरवून पाहिला, तेव्हा कळ नेमकी तिथून उठली. खुबा आणि गुडघा या दोहोंना काही मज्जातंतू सामायिक असल्यामुळे खुब्यातील व्याधीची वेदना पुष्कळदा गुडघ्याशी जाणवते. सीटी स्कॅनच्या पातळ छेदांत मांडीच्या हाडाच्या मानेत वाटाण्याएवढे अर्बुद स्पष्ट दिसले: ऑस्टिऑइड ऑस्टिओमा.

हेन्री जाफे यांनी 1935 साली स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिलेले हे अर्बुद प्रायः मुले आणि तरुण यांना होते, त्यातही मुलग्यांना अधिक. आणि निम्म्याहून अधिक वेळा ते मांडीच्या अथवा नडगीच्या हाडात आढळते. त्याचा गाभा सहसा दीड सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. पण त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये विपुल प्रमाणात तयार होत असल्यामुळे आकाराच्या मानाने वेदना फार असते, आणि ॲस्पिरिनच्या वर्गातील औषधे त्याच द्रव्यांची निर्मिती रोखत असल्यामुळे ती इतकी चटकन शमते. त्याचे रूपांतर कर्करोगात होत नाही, आणि काही रुग्णांत ते कित्येक वर्षांनी आपोआप निवते. तथापि तोवर रोज गोळ्या घेत राहिल्यास जठर आणि मूत्रपिंडे यांना अपाय संभवतो. म्हणून पूर्वी हाड कोरून काढण्याची जी शस्त्रक्रिया करीत, तिच्याऐवजी 1990 नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशनचा मार्ग माझ्या बाबतीत निवडण्यात आला. भूल देऊन, सीटी स्कॅनच्या साहाय्याने गाभ्यात सुई नेतात आणि तिचे टोक सुमारे 90 अंश सेल्सिअसपर्यंत काही मिनिटे तापवतात. माझी रात्रीची वेदना त्यानंतर लवकरच नाहीशी झाली. क्वचित व्याधी उलटते, पण तेव्हा हाच उपचार पुन्हा करता येतो.

मात्र सर्व सौम्य अर्बुदांना एकच न्याय लावू नये. मुलांत योगायोगाने आढळणारा नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा बहुधा वाढत्या वयाबरोबर भरून येतो. गुडघ्याजवळ हाडाचा उंचवटा म्हणून हाताला लागणारा ऑस्टिओकॉन्ड्रोमा त्रास देत नसेल तर नुसता नजरेखाली ठेवतात. पण शरीराची वाढ थांबल्यानंतरही तो वाढू लागला, तर तातडीने तपासणी हवी. उलटपक्षी, वीस ते चाळीस या वयात गुडघ्याभोवती होणारा जायंट सेल ट्यूमर सौम्य गणला जात असूनही हाड पोखरतो आणि पुन्हा उद्भवतो. म्हणून तो नीट खरवडून ती पोकळी बहुधा अस्थिसिमेंटने भरावी लागते. बायोप्सीची गरज पडल्यास, पुढील शस्त्रक्रिया जे करणार आहेत त्यांच्याच सल्ल्याने ती करवावी, कारण सुईची जागा चुकली तर पुढे पाय वाचवण्याचे काम बिकट होऊन बसते.

शेवटी पालकांना कळकळीची विनंती ही की, मुलाचा पाय रात्री दुखतो याला वाढीचे दुखणे म्हणून सोडून देण्यापूर्वी नीट पाहावे. वाढीचे दुखणे बहुधा दोन्ही पायांत होते, अधूनमधून येते आणि सकाळी मूल पूर्ववत खेळू लागते. तेच दुखणे एकाच पायात, एकाच जागी, आठवड्यांमागून आठवडे येत राहिले, मूल लंगडू लागले अथवा हाताला गाठ लागली, तर चोळणे आणि शेकणे बंद करून अस्थिशल्यविशारदांकडे जावे. वेदनेच्या वेळा आणि उतार देणाऱ्या गोळीचे नाव लिहून न्यावे, जुनी चित्रे जपून न्यावीत, आणि दुखणे गुडघ्यात असले तरी खुबाही तपासावा असा आग्रह धरावा.