शाळेत पोलीस येणार, तर आधी हे ठरवा

ठाणे जिल्ह्यातल्या काल्हेरमध्ये शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जुना आग्रा रोड, गोदामांकडे निघालेले कंटेनर, पानटपऱ्या आणि कामाच्या शोधात दूरदूरहून आलेली माणसं. सहावी ते आठवीची मुलं याच वयात एकटी ये-जा करू लागतात, हातात मोबाईल येतो, वयाने मोठे मित्र मिळतात. म्हणून या वर्गांना ओळखीचा पोलीस अधिकारी हवा, असं माझं ठाम मत आहे. पण तो नेमका कशासाठी, हे आधी ठरवायला हवं. अमेरिकेत 1950 च्या दशकापासून काही शाळांत कायमचे पोलीस नेमले गेले, आणि पुढे वर्गातल्या साध्या भांडणावरूनही मुलांना अटक झाल्याची उदाहरणं घडली. तसं इथे होऊ द्यायचं नाही.

सुरुवात योग्य माणूस शोधण्यापासून करा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 107 नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा बालकल्याण पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. काल्हेरसाठी ठाणं नारपोलीचं. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या, त्याची प्रत जोडून वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंती कामाच्या रगाड्यात मागे पडते.

मग एका पानाचा कागद तयार करा. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. गृहपाठ, दंगा, उशीर, वर्गात मोबाईल, मधल्या सुट्टीतली झटापट ही शिक्षकांची कामं. त्यासाठी अधिकाऱ्यांना बोलावायचं नाही. लैंगिक छळ, नशेचे पदार्थ विकणारा, बेपत्ता मूल, बाहेरच्यांची धमकी, ऑनलाइन ब्लॅकमेल ही पोलिसांची कामं. ती शाळेने दाबायची नाहीत. कोणत्याही मुलाला सगळ्यांदेखत वर्गातून उठवून न्यायचं नाही. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत, हेही लिहा. गुन्ह्यात अडकलेल्या किंवा पीडित मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार गुन्हा आहे. कागदावर मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष आणि अधिकारी अशा तिघांच्या सह्या हव्यात.

मुलांआधी शिक्षकांची बैठक घ्या. ‘थांब, पोलिसांनाच बोलावते’ हे वाक्य त्या दिवसापासून बंद. ज्या मुलाला पोलिसांचा धाक घातला, ते संकटात पोलिसांकडे कसं जाईल?

पहिली भेट अर्ध्या तासाची, एका वेळी एकच वर्ग. भाषण नको. मुलांकडून नाव न लिहिता चिठ्ठ्यांवर प्रश्न घ्या आणि अधिकाऱ्यांनी त्यांची उत्तरं द्यावीत, मराठीत आणि हिंदीतही, कारण गोदाम-कामगारांची बरीच मुलं घरी हिंदी बोलतात. तीन क्रमांक वहीत लिहून घ्या: मुलांसाठी 1098, तातडीच्या मदतीला 112, ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930. 2 जानेवारी हा महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन. त्या आठवड्यात मुलांना ठाणं दाखवायला न्या.

पहिल्या भेटीच्याच महिन्यात शाळा सुटताना अधिकाऱ्यांबरोबर फाटकाबाहेर फिरा. शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे 91 मीटरमध्ये, तंबाखू विकायला बंदी आहे. टपऱ्या मोजून पोलिसांना लेखी द्या. आठवीतला मुलगा स्कूटर घेऊन येत असेल, तर पालकांना बोलावून सांगा: मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार दंड 25,000 रुपये, तुरुंगवास तीन वर्षांपर्यंत, आणि तो पालकाला किंवा वाहनमालकाला.

आता सर्वांत अवघड भाग. मुलाने किंवा मुलीने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं, तर ऐका, सांगितलेल्याच शब्दांत लिहा, आणि थांबा. चार शिक्षकांनी चारदा विचारायचं नाही. ‘आधी आमची चौकशी’ हा मार्ग कायद्यात नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यात बदलापूरला लोक रुळांवर उतरले, त्यामागे शाळेतल्या लैंगिक छळाच्या तक्रारीची दखल वेळेत घेतली गेली नाही हा संताप होता. पालकांना धीर द्या: जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, तेव्हा अधिकारी गणवेशात नसतात आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

मूल स्वतःच गुन्ह्यात सापडलं, तर त्याला बेड्या नाहीत, कोठडी नाही. पालकांना लगेच कळवायचं आणि ताब्यात घेतल्यापासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर नियमांनुसार एफआयआर न करता दैनंदिनीत नोंद घेऊन मंडळाला कळवलं जातं. मुख्याध्यापकांना हे पाठ हवं, कारण त्या गोंधळात पालक आधी त्यांनाच विचारतात.

अधिकाऱ्यांची बदली होणारच. नवे साहेब किंवा मॅडम आल्या की तोच कागद पुन्हा वाचून त्यांची सही घ्या, आणि दर जूनमध्ये नव्या सहावीला त्यांची ओळख करून द्या. पुढच्या समिती-बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्या.