उच्च विद्युतदाबाची यंत्रे : चाचणी आणि देखभाल

मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाबा येथे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पोलादाची एक उभी टाकी आहे. तिची उंची सुमारे २५ मीटर आणि व्यास सुमारे ६ मीटर. या टाकीच्या मध्यावर धातूचे एक पोकळ अग्र असून त्यावर कमाल १ कोटी ४० लाख व्होल्ट इतका विद्युतदाब निर्माण करता येतो. आपल्या घरातील विजेच्या तुलनेत हा दाब सुमारे साठ हजार पट होतो. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या सहकार्याने उभारलेले हे यंत्र 'पेलेट्रॉन' या नावाने ओळखले जाते. ३० डिसेंबर १९८८ रोजी ते कार्यान्वित झाले आणि त्यानंतर अणुकेंद्राचे भौतिकशास्त्र, पदार्थविज्ञान, किरणजीवशास्त्र अशा अनेक शाखांतील संशोधकांनी त्याचा उपयोग केला.

अशा यंत्राची माहिती देताना बहुधा त्याच्या सामर्थ्याचे वर्णन केले जाते. ते सामर्थ्य वर्षानुवर्षे टिकते कशामुळे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. त्याचे उत्तर यंत्राच्या आकारात नाही. स्वच्छता, कोरडेपणा, वेळेवर केलेली तपासणी आणि काम करणाऱ्यांची शिस्त यांत ते आहे. म्हणूनच या विषयाचा परिचय प्रयोगशाळेबाहेरील वाचकांनाही उपयुक्त ठरावा.

इतका दाब कशासाठी?

अणूच्या केंद्रावर धनविद्युतभार असतो. त्याच्यावर दुसरा धनभारित कण आदळवायचा, तर दोघांमधील अपकर्षणावर मात करण्याइतका वेग त्या कणाला द्यावा लागतो. हा वेग देण्याचा सरळ मार्ग म्हणजे उच्च विद्युतदाब. १९३२ साली केंब्रिज येथे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन या शास्त्रज्ञांनी काही लाख व्होल्ट दाबाने प्रोटॉन वेगवान करून लिथियमच्या अणुकेंद्राचे विभाजन घडविले. त्यासाठी १९५१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेत व्हॅन डी ग्राफ यांनी फिरत्या पट्ट्यावरून विद्युतभार वाहून नेऊन तो पोकळ गोलावर साठविण्याची युक्ती प्रत्यक्षात आणली. पेलेट्रॉनमध्ये पट्ट्याच्या जागी धातूच्या लहान नळकांड्यांची साखळी असते. ही नळकांडी नायलॉनच्या दुव्यांनी जोडलेली असल्याने एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग राहतात.

एकाच दाबाचा दोनदा उपयोग करणे, हे या यंत्राचे वैशिष्ट्य होय. वरच्या टोकाकडून ऋणभारित आयन आत सोडले जातात. मध्यावरील धन अग्र त्यांना आकर्षून घेते. तेथे कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात व ते धनभारित होतात. मग तेच अग्र त्यांना खालच्या दिशेला दूर लोटते. अग्रावर १ कोटी व्होल्ट असतील, तर प्रोटॉनला २ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. सहाही इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या आयनाला पहिल्या टप्प्यात एक आणि दुसऱ्या टप्प्यात सहा असे सात हिस्से, म्हणजे ७ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्राप्त होते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज करून दाखविता येईल.

दाब धरून ठेवणारा वायू

दाब निर्माण करण्यापेक्षा तो धरून ठेवणे अवघड असते. सर्वसाधारण हवेत दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट झाले की हवा विद्युतरोधक राहत नाही आणि ठिणगी पडते. यासाठी टाकीत सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली भरलेला असतो. त्याची विद्युतरोधक क्षमता हवेच्या सुमारे अडीच पट आहे व दाब वाढविला की ती आणखी वाढते. महाराष्ट्रातील अनेक उच्चदाब उपकेंद्रांतील सर्किट ब्रेकरमध्येही हाच वायू वापरला जातो.

या वायूला रंग नाही, वास नाही आणि शुद्ध स्थितीत तो विषारीही नाही. तथापि तो हवेच्या सुमारे पाचपट जड आहे. गळती झाल्यास तो खोलगट जागी साचतो आणि तेथील हवा बाजूला सारतो. अशा जागी उतरलेल्या माणसाला कोणतीही पूर्वसूचना न मिळता प्राणवायूच्या अभावी मूर्च्छा येऊ शकते. वापरात नसलेल्या विहिरीत किंवा मैलाटाकीत उतरलेला माणूस आणि त्याला वाचविण्यासाठी धावलेला दुसरा माणूस, दोघेही दगावल्याच्या घटना ग्रामीण भागाला अपरिचित नाहीत. धोक्याचे स्वरूप तेच आहे.

विद्युत ठिणग्यांमुळे या वायूचे अंशतः विघटन होते आणि त्यात बाष्प मिसळल्यास दाहक व विषारी संयुगे तयार होतात. त्यामुळे वायू सतत शोषक पदार्थांतून फिरवून कोरडा व शुद्ध ठेवावा लागतो. शिवाय पृथ्वीचे तापमान वाढविण्याच्या बाबतीत, शंभर वर्षांच्या हिशेबाने, एक किलो सल्फर हेक्झाफ्लोराइड सुमारे २३ हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. १९९७ च्या क्योटो करारातील वायूंच्या यादीत त्याचा समावेश झाला तो याच कारणाने. दुरुस्तीसाठी टाकी उघडताना हा वायू बाहेर सोडून न देता पंपांच्या साहाय्याने साठवण टाक्यांत परत घेतला जातो.

टाकी उघडण्यापूर्वी

वायू काढून घेतल्यावर टाकीत हवा खेळविली जाते. आतील प्राणवायूचे प्रमाण मोजल्याखेरीज कोणालाही आत जाऊ दिले जात नाही. स्वच्छ हवेत हे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १९.५ टक्क्यांहून कमी असेल, तर ती जागा प्रवेशास अयोग्य समजली जाते. मोजमाप वरच्या भागात घेऊन भागत नाही. जड वायू तळाशी राहतो, म्हणून तळाशीही मोजावे लागते. एक माणूस आत असताना दुसरा बाहेर लक्ष ठेवून असतो. आतल्या माणसाला काही झाले, तर बाहेरच्याने एकट्याने आत धाव घ्यावयाची नाही, हा नियम कठोर वाटला तरी दुसरा जीव वाचविणारा आहे.

बंद केलेली वीज आणि उरलेली वीज

उच्चदाब यंत्रांच्या बाबतीत सर्वांत घातक गैरसमज म्हणजे 'खटका बंद केला, आता भीती नाही' हा होय. खटका बंद केल्याने नवा पुरवठा थांबतो. साठलेला विद्युतभार तेथेच राहतो. उदाहरणार्थ, एखाद्या अग्राची धारिता १०० पिकोफॅरड आणि त्यावरील दाब १ कोटी व्होल्ट असेल, तर साठलेली ऊर्जा ५,००० जूल होते. पन्नास किलोचे धान्याचे पोते दहा मीटर उंच उचलण्यास साधारण इतकीच ऊर्जा लागते. ठिणगी पडल्यास ती निमिषार्धात मोकळी होते.

प्रयोगशाळेतील लहान उपकरणेही याला अपवाद नाहीत. एका मायक्रोफॅरडच्या धारित्रावर १० हजार व्होल्ट दाब असेल, तर त्यात ५० जूल ऊर्जा असते. ती शरीरातून गेल्यास प्राणघातक ठरू शकते. आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. मोठ्या धारित्राची टोके क्षणभर जोडून सोडली, तर काही मिनिटांनी त्यावर पुन्हा दाब प्रकट होतो, कारण आतील विद्युतरोधक पदार्थात शोषला गेलेला भार हळूहळू बाहेर येतो. म्हणून अशा धारित्राची टोके वापरात नसताना तारेने कायम जोडून ठेवण्याची पद्धत आहे.

प्रत्यक्ष कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पुरवठा तोडावा. खटक्याला कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. दाब नाही याची मापकाने खात्री करावी. त्यानंतर विद्युतरोधक दांडीला जोडलेली तार आधी जमिनीशी पक्की जोडावी आणि मगच दांडीचे दुसरे टोक यंत्राला लावावे. काम संपेपर्यंत ही जोडणी काढू नये आणि काढताना क्रम उलटा असावा, म्हणजे जमिनीकडील टोक सर्वांत शेवटी सुटावे. या क्रमातील एकही पायरी अनुभवाच्या बळावर गाळता येत नाही.

टाकीच्या आतील तपासणी

टाकीतील स्तंभ विद्युतरोधक खांबांवर उभा असतो. अग्रापासून जमिनीपर्यंतचा दाब पायरीपायरीने उतरावा म्हणून रोधकांची एक लांब माळ असते. एका रोधकाचे मूल्य घटले, तर त्याच्या वाट्याचा दाब इतरांवर पडतो आणि कालांतराने तेही निकामी होऊ लागतात. यासाठी प्रत्येक रोधक मोजून पाहावा लागतो. साखळीची लांबी वाढली आहे काय, नायलॉनचे दुवे झिजले आहेत काय, चाकांचे बेअरिंग सुरळीत फिरते काय, हे तपासले जाते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असे कार्बनचे पापुद्रे कणांच्या माऱ्याने फाटतात. ते बदलावे लागतात.

यानंतर येते साफसफाई. खांबावरील धुळीचा पट्टा, हाताचा घाम किंवा कापडाचा एखादा धागाही विजेला वाट करून देऊ शकतो. म्हणून हातमोजे घालून, धागे न सोडणाऱ्या कापडाने प्रत्येक भाग पुसला जातो. समुद्रकाठच्या दमट हवेत टाकी जितका कमी काळ उघडी राहील तितके बरे. आत नेलेली हत्यारे मोजून बाहेर आणली जातात, कारण विसरलेला एक पाना महिन्याभराचे काम वाया घालवू शकतो.

दाब वाढविण्याचा संयम

टाकी बंद होऊन वायू भरला, तरी यंत्र लगेच पूर्ण दाबावर नेता येत नाही. दाब थोडा वाढवावयाचा, थांबावयाचे, निर्वात नळीतील स्थिती पाहावयाची. क्ष-किरणांचे प्रमाण वाढले किंवा निर्वात बिघडला, तर आत सूक्ष्म विसर्जन होत आहे असे समजून वाट पाहावयाची आणि स्थिरता आल्यावर पुढची पायरी गाठावयाची. या सावकाश प्रक्रियेत पृष्ठभागावरील बारीक दोष जळून जातात आणि यंत्राची दाब सोसण्याची शक्ती वाढते. कधीकधी स्तंभाचे काही भाग धातूच्या दांड्यांनी जोडून उरलेल्या भागांची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते, म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते कळते. या कामास कित्येक दिवस लागतात. घाई केल्यास मोठी ठिणगी पडून नवे रोधक निकामी होण्याचा आणि टाकी पुन्हा उघडावी लागण्याचा संभव असतो.

साध्या उपकरणांची चाचणीही याच तत्त्वावर चालते. विद्युतरोधकाची परीक्षा मेगर या उपकरणाने करतात. एक मिनिटानंतरचे आणि दहा मिनिटांनंतरचे वाचन घेऊन त्यांची तुलना केली जाते. यंत्राचे वेटोळे कोरडे व निर्दोष असेल, तर वाचन चढत जाते. ओल शिरली असेल, तर ते फारसे वाढत नाही. पाणीपुरवठा योजनेवरील मोटार पावसाळ्यानंतर सुरू करण्यापूर्वी हीच परीक्षा करावयाची असते. ४१५ व्होल्टच्या मोटारीचे वाचन एका मेगोहमहून कमी असेल, तर ती चालू न करता आधी वाळवून घेणे इष्ट. जळालेली मोटार पुन्हा गुंडाळण्याचा खर्च आणि तोवर गावाला सोसावी लागणारी पाणीटंचाई यांच्या मानाने मेगरच्या परीक्षेला लागणारा वेळ अगदीच थोडा आहे.

प्रयोगशाळेबाहेरचा धडा

गावातील वायरमन तारेवर चढण्यापूर्वी रोहित्राचा पुरवठा बंद करतो. तथापि एखाद्या घरातील जनित्रातून किंवा चुकीच्या जोडणीच्या इन्व्हर्टरमधून उलट दिशेने वीज येऊ शकते. म्हणून तार जमिनीशी जोडल्याशिवाय ती मृत समजू नये, हा कोट्यवधी व्होल्टच्या यंत्राचा नियम त्यालाही तंतोतंत लागू आहे. पंचायत सदस्यांनी जनित्रधारकांना योग्य बदलखटका बसविण्यास सांगणे आणि काम चालू असताना खटक्याजवळ कोणी जाणार नाही याची व्यवस्था करणे, एवढ्यानेही एखादा जीव वाचेल. शिक्षकांनी शाळेतील प्रेरणवेटोळे किंवा धारित्र वापरताना आधी भूसंपर्क आणि मग स्पर्श हा क्रम विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडावा.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने विचार करण्यासारखी गोष्ट तुर्भे येथे घडली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील ५५ लाख व्होल्टचे जुने व्हॅन डी ग्राफ यंत्र मोडीत न काढता त्याचे रूपांतर ६० लाख व्होल्टच्या नव्या प्रकारच्या त्वरकात करण्यात आले आणि २००० साली ते सुरू झाले. जुन्या साधनाची अवस्था नीट माहीत असेल, तरच असा निर्णय घेता येतो. ती माहिती नोंदवहीतून मिळते. कोणता भाग केव्हा बदलला, कोणते वाचन किती होते, बिघाड कोणत्या परिस्थितीत झाला, यांच्या तारीखवार नोंदी या यंत्राच्या किमतीचाच एक भाग होत.

नवी इमारत, नवे यंत्र यांचे उद्‌घाटन होते. देखभालीचे होत नाही. अंदाजपत्रकात कपात करावयाची वेळ आली की देखभालीचीच रक्कम प्रथम नजरेस पडते, कारण तिचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. तो पुढे निकामी रोधक, जळालेली मोटार किंवा जखमी कामगार यांच्या रूपाने दिसतो. यंत्र खरेदीच्या प्रस्तावातच त्याच्या चाचणीची साधने, सुटे भाग, प्रशिक्षित माणूस आणि बंद ठेवावयाचे दिवस यांची तरतूद करणे, हा त्यावरील उपाय होय.