आधी ठरव, काय स्पष्ट दिसायला हवं

नवा कॅमेरा हातात आला की सगळ्यांना १.८ चं वेड लागतं, पोरी. पन्नासची लेन्स घ्यायची, अॅपर्चर पूर्ण उघडायचं, मागचं सगळं धूसर करायचं. तू तसं करू नकोस. मानवतच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईचा फोटो काढताना तिच्या मागचं पांढरं फुटलेलं रान पुसून टाकलंस, तर ती कुठली, काय करत होती, हे बघणाऱ्याला कसं कळणार? तिचे कष्ट त्या रानातच आहेत. म्हणून आधी ठरव, काय काय स्पष्ट दिसलं पाहिजे. चक्रीला हात त्यानंतर लाव.

आकड्यांचा गोंधळ एकदाच मिटवून टाक. अॅपर्चरचा आकडा म्हणजे भागाकार आहे. ५० मिमीच्या लेन्सला २ ने भाग, २५ मिमीचं भोक. १६ ने भाग, जेमतेम ३ मिमी. म्हणून आकडा वाढला की भोक बारीक होतं. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ ही रांग पाठच कर. दर पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे २ वरून ४ वर गेलीस की पावच उरतो.

आता आपलं परभणीचं ऊन. भर दुपारी आयएसओ १०० आणि अॅपर्चर १६ असेल तर शटर १/१०० च्या आसपास लागतं. रोलच्या जमान्यात मीटर नसला तरी या हिशेबावर काम भागायचं. त्याच उन्हात १.८ ठेवलंस तर शटर १/८००० लागेल, आणि साधे कॅमेरे १/४००० लाच थांबतात. चेहरा पांढरा पडतो, सदऱ्याची घडीसुद्धा दिसत नाही. दुपारी ८ किंवा ११ वर ये, नाहीतर माणसाला लिंबाच्या सावलीत घे.

भोक जितकं मोठं, तितकी स्पष्टतेची पट्टी पातळ. साध्या डीएसएलआरवर पन्नासच्या लेन्सने १.८ ला एक मीटरवरून चेहरा घेतलास, तर ती पट्टी तीनच सेंटीमीटर. जवळचा डोळा स्पष्ट येतो, लांबचा जातो. दोन मीटरवर सरक, तीच पट्टी बारा सेंटीमीटरच्या आसपास होते. सगळं काम अॅपर्चरवर सोडू नकोस, दोन पावलं मागे जायलाही शीक. लग्नात स्टेजवर तीन ओळी उभ्या असतील तर ५.६ ते ८, आणि फोकस मधल्या ओळीवर. मागच्या ओळीतला मामा अल्बममध्ये जन्मभर पुसट राहायला नको.

येलदरी धरणावर जाशील तेव्हा १८ मिमी, अॅपर्चर ८, फोकस दोन मीटरवर. पुढ्यातल्या मीटरभरावरच्या दगडापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं येतं. त्यासाठी २२ वर जायची गरजच नाही. भोक फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिरावरच्या सुरसुंदरी टिपताना हे फार जाणवतं. दगडातले दागिने कोरीव दिसायला हवेत, म्हणून ५.६ किंवा ८, कॅमेरा भिंतीला समांतर, आणि ऊन तिरकं असेल ती वेळ. मूर्तीच्या अगदी समोरून ऊन असेल तर कोरीवकाम सपाट दिसतं, मग कितीही महागडी लेन्स असू दे.

फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसात मात्र रात्री खुशाल १.८ उघड. दुकानांच्या दिव्यांत पेढे तोलणारा हात, बांगड्या भरून घेणारी पोर, तिथे मागचे दिवे विरघळलेलेच छान दिसतात. फक्त फोकसचा ठिपका स्वतः डोळ्यावर ठेव. कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो बऱ्याचदा नाकावर नाहीतर पुढच्या बरणीवर जातो. आकाशपाळण्याच्या दिव्यांना चांदण्यांसारखे किरण हवे असतील तर स्टँड लाव, पाळणा थांबू दे आणि १६ वर जा.

एक शेवटचं. मे महिन्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवून जाऊ नकोस. उष्णतेने लेन्समधलं वंगण पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. मग पाती अडकतात, वेळेवर मिटत नाहीत, आणि ८ लावलेलं असूनही फोटो जास्त उजळ येतो. जुनी लेन्स विकत घेताना पाती उजेडात धरून बघ. तेलाचा डाग दिसला तर घेऊ नकोस.