कृत्रिम भिंतीवरून कातळावर : प्रथम प्रस्तरारोहण आणि वैद्याचे मार्गदर्शन

२०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धांत प्रस्तरारोहणाचा प्रथमच समावेश झाला. मुंबई-पुण्यात कृत्रिम भिंतींवर सराव करणारी तरुण मंडळी हिवाळा लागताच सह्याद्रीच्या नैसर्गिक कातळाकडे वळतात. परतल्यावर यांपैकी काही जण बोटांचे दुखणे घेऊन चिकित्सालयात वा औषधांच्या दुकानात येतात. अशा व्यक्तीस जाण्यापूर्वी काय सांगावे व आल्यावर काय तपासावे, याचा विचार येथे केला आहे.

१. भिंत व कातळ यांतील भेद

कृत्रिम भिंतीवर पकडी रंगांनी दर्शविलेल्या असतात व त्या घट्ट बसविलेल्या असतात. सह्याद्रीच्या बेसाल्ट कातळावर पकड स्वतः शोधावी लागते, ती ठोकून पारखावी लागते आणि सुटा दगड हाती येण्याचा संभव असतो. भयामुळे नवागत पकड गरजेपेक्षा घट्ट धरतो. पायांनी पेलावयाचा भार बोटांवर येतो. पेशींचे बल काही महिन्यांच्या सरावाने वाढते. स्नायू व कंडरा (हे शब्द शास्त्रीय अर्थाने घ्यावेत) मात्र सावकाश दृढ होतात. भिंतीवर कमावलेले पेशीबल हेच येथे अपायाचे कारण ठरू शकते.

२. अर्धशक्तीचा नियम

शीतकाळी व वसंतात बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने अर्ध्या शक्तीने, अन्य ऋतूंत त्याहून अल्प व्यायाम करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. काख, कपाळ, नाक व सांध्यांवर घाम येणे, मुखशोष होणे ही अर्धशक्तीची लक्षणे होत. पहिल्या दिवशी भिंतीवर सहज जमणाऱ्या श्रेणीहून बरेच सोपे मार्ग निवडावेत, अनुभवी मार्गदर्शकाबरोबरच जावे, शिरस्त्राण सोडू नये आणि बोटे थरथरू लागण्यापूर्वी थांबावे.

३. अभ्यंगाचा काळ

अभ्यंग हितकर खरा, परंतु आरोहणाच्या दिवशी सकाळी हातापायांस तेल लावणे धोक्याचे आहे. तळवा कोरडा राहावा म्हणून आरोहक मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड वापरतात. तेलाने तोच हेतू नष्ट होतो. बोटांस इजा झाली नसल्यास अभ्यंग परतल्यावर रात्री करावा. तेलाची बाटली दोराच्या पिशवीत ठेवू नये. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. म्हणून उग्र गंधाची द्रव्ये लावून जाऊ नये.

४. बोटाची परीक्षा

बारीक कंगोऱ्यावर बोटे दुमडून भार घेताना "कट्" असा आवाज झाला, त्यानंतर अनामिकेच्या वा मध्यमेच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूस स्पर्शासहत्व व शोथ आढळला, तर कंडरेस हाडाशी धरून ठेवणारे बंध फाटल्याची शंका घ्यावी. बोट वाकविताना कंडरा धनुष्याच्या दोरीप्रमाणे उचललेली दिसल्यास इजा गंभीर समजावी. सोनोग्राफी करून घ्यावी व हस्तशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे.

स्नायु-संधि-अस्थिगत वातात सुश्रुताचार्यांनी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन हे उपक्रम सांगितले आहेत. नव्या आघातात यांपैकी बंधन व विश्रांती यांस अग्रक्रम द्यावा; उन्मर्दन व स्वेदन शोथ ओसरेपर्यंत टाळावे. "थोडे चोळून मोकळे करा" हा रुग्णाचा आग्रह मान्य करू नये.

वाढीच्या वयातील मुलांत बोटाच्या मधल्या सांध्याच्या पाठीकडील बाजूस वेदना असल्यास अस्थीच्या वाढीच्या भागास इजा असू शकते. येथे क्ष-किरण परीक्षा अवश्य करावी व आरोहण पूर्ण बंद ठेवावे. दुर्लक्ष झाल्यास बोटात कायमची विकृती राहू शकते.

५. औषध विक्रेत्यांसाठी

वेदनाशामक लेप वा गोळी घेऊन दुसऱ्याच दिवशी पुन्हा कड्यावर जाण्याचा बेत अनेकांच्या मनात असतो. वेदना ही शरीराची सूचना आहे. ती दडपून भार दिल्यास अर्धवट फाटलेला बंध पूर्ण तुटू शकतो. म्हणून लेप देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : आवाज झाला होता काय? सूज आहे काय? वय किती? पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असल्यास किंवा रुग्ण वाढीच्या वयातील असल्यास विक्री थांबवून त्यास वैद्याकडे पाठवावे. एका विक्रीची हानी सोसून एक हात वाचतो, हे ध्यानी ठेवावे.