एडवर्ड फ्रिट्स आणि अमेरिकेतील प्रसारकांची संघटना

उद्योगधंद्यांच्या संघटना शासनाकडे शिष्टमंडळे नेतात, निवेदने देतात, नव्या कायद्यांवर मते मांडतात, हे आपल्या परिचयाचे आहे. मात्र अशा संघटनेचा अध्यक्ष नेमका कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लहान आणि मोठ्या सभासदांचे हित एक असते तोवर तो उद्भवतही नाही. हित वेगळे होऊ लागले की काय घडते, हे समजून घेण्यास अमेरिकेतील 'नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स' या संघटनेचे अध्यक्ष एडवर्ड फ्रिट्स यांची १९८२ ते २००५ ही प्रदीर्घ कारकीर्द उपयुक्त आहे.

अमेरिकेत नभोवाणी प्रथमपासूनच प्रामुख्याने खाजगी मालकांच्या हाती राहिली. केंद्राने शासनाकडून परवाना घ्यावयाचा आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर चालावयाचे, अशी ही व्यवस्था. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेने गाणी वाजविण्याबद्दल स्वामित्वशुल्क मागितले, तेव्हा त्यास तोंड देण्यासाठी १९२३ साली केंद्रचालक एकत्र आले. त्यातून ही संघटना जन्मास आली. पुढे दूरचित्रवाणी केंद्रेही तिच्यात सामील झाली.

फ्रिट्स हे मूळचे रेडिओवाले. मिसिसिपी राज्यातील इंडियानोला या लहानशा गावी त्यांचे केंद्र होते. (ब्लूज संगीताचे नामवंत गायक बी. बी. किंग हे गाव आपले मानीत.) अशा गावातील केंद्राचा मालक बहुधा त्याच गावचा रहिवासी असतो. बाजारभाव, शाळेच्या सुट्ट्या, नदीचे पूर, कोणाच्या घरचे निधन, या सर्वांची वार्ता त्याच्या केंद्रावरून जाते. लहान केंद्रचालकांना फ्रिट्स आपले वाटले, ते यामुळेच. वॉशिंग्टनमध्येही या पार्श्वभूमीचा त्यांना उपयोग झाला. प्रत्येक लोकप्रतिनिधीच्या मतदारसंघात एखादे तरी केंद्र असते आणि त्याच्या मालकाचा दूरध्वनी तो सहसा टाळीत नाही. संघटनेचे खरे बळ या साध्या गोष्टीत होते, ही खूणगाठ फ्रिट्स यांनी पक्की बांधली होती. सेनेटमधील प्रभावी नेते ट्रेंट लॉट हे तर त्यांचे मिसिसिपी विद्यापीठातील काळापासूनचे स्नेही.

त्यांचा मोठा विजय १९९२ सालचा. केबल कंपन्या स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांचे कार्यक्रम विनामूल्य उचलीत, किंवा त्यांना सोयीनुसार वगळीत. नव्या अधिनियमाने स्थानिक केंद्रास पर्याय दिला : आपले प्रक्षेपण दाखविणे केबल कंपनीवर बंधनकारक करावे, अथवा त्यासाठी आपली संमती घेण्यास तिला भाग पाडावे. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी या विधेयकावर नकाराधिकार वापरला. दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो निष्प्रभ केला. त्यांच्या कारकीर्दीत निष्प्रभ ठरलेला नकाराधिकार हा एवढाच.

फेब्रुवारी १९९६ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला. तोवर एका मालकास देशभरात २० ए.एम. आणि २० एफ.एम. केंद्रांपेक्षा अधिक केंद्रे बाळगता येत नसत. रेडिओपुरती ही राष्ट्रीय मर्यादा पूर्णपणे उठली आणि मोठ्या शहरात एका मालकास आठपर्यंत केंद्रे मिळू लागली. संघटनेने या शिथिलीकरणाचा पुरस्कार केला होता. लहान केंद्रे तोट्यात आहेत, ती एकत्र आली तर तगतील, असा तिचा युक्तिवाद होता आणि तो निराधार नव्हता. परंतु पुढील सहा वर्षांत केंद्रे थोडी वाढली, तर मालकांची संख्या सुमारे एक-तृतीयांशाने घटली. 'क्लिअर चॅनेल' या एका कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे आली. इंडियानोलासारख्या गावातील मालक केंद्र विकून मोकळा झाला, की संघटनेतील त्याचे मतही संपले.

१८ जानेवारी २००२ रोजी नॉर्थ डाकोटातील मिनॉट गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनिया वायू पसरला. एकाचा मृत्यू झाला, अनेकांना बाधा झाली. गावातील सहा व्यापारी रेडिओ केंद्रे त्याच एका कंपनीची होती आणि त्या रात्री पोलिसांना केंद्रावरील माणसांशी वेळेवर संपर्क साधता आला नाही. पोलिसांनी इशारायंत्रणा नीट वापरली नाही, असे कंपनीचे म्हणणे. दोष कोणाचाही असो, मध्यरात्री गावाला सावध करणारा आवाज मिळाला नाही.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत फ्रिट्स यांनी वेगळी वाट धरली. एका कंपनीची केंद्रे देशातील ३५ टक्क्यांहून अधिक घरांपर्यंत पोहोचू नयेत, ही मर्यादा मोठ्या राष्ट्रीय कंपन्यांना नको होती, स्थानिक केंद्रांना हवी होती. संघटना स्थानिक केंद्रांच्या बाजूने राहिली. परिणामी १९९९ ते २००३ या काळात चारही मोठ्या कंपन्या एकामागून एक संघटनेबाहेर पडल्या. त्यांची भरघोस वर्गणी गमावूनही अध्यक्ष डगमगले नाहीत, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. मग रेडिओच्या बाबतीत हीच दृष्टी का राहिली नाही? माझ्या मते, दूरचित्रवाणीत लहान सभासद संघटित होते. रेडिओत ते विकले जात होते.

संघटनेबाहेर जे होते, त्यांचा अनुभव आणखी बोलका आहे. जानेवारी २००० मध्ये फेडरल दळणवळण आयोगाने शाळा, चर्च व सेवाभावी संस्थांसाठी १०० वॅटपर्यंतच्या लघुशक्ती एफ.एम. केंद्रांची योजना जाहीर केली. आपल्याकडील सामुदायिक रेडिओशी तिचे पुष्कळ साम्य आहे. संघटनेने तिला कसून विरोध केला. या केंद्रांमुळे प्रस्थापित केंद्रांच्या ध्वनीत व्यत्यय येईल, असे सांगून तिने कसा व्यत्यय येईल याची ध्वनिमुद्रिकाही लोकप्रतिनिधींमध्ये वाटली. ती दिशाभूल करणारी आहे, असे आयोगाच्या तज्ज्ञांनी म्हटले. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा करून योजनेला कात्री लावण्यात आली आणि मोठ्या शहरांत अशा केंद्रांस जागा जवळजवळ उरली नाही. त्याच कायद्यान्वये झालेल्या तांत्रिक पाहणीचा अहवाल २००३ साली आला. व्यत्ययाची भीती फारशी खरी नसल्याचे त्यात आढळले.

फ्रिट्स २००५ साली अध्यक्षपदावरून दूर झाले. लघुशक्ती केंद्रांवरील बंधने शिथिल करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची स्वाक्षरी जानेवारी २०११ मध्ये झाली. तडजोड होऊन संघटनेने त्यापूर्वीच आपला विरोध मागे घेतला होता. शहरांतील संस्थांना अर्ज करण्याची संधी मिळाली, ती २०१३ साली.