सल्लागार प्राध्यापक : वेळापत्रकाआधीचे काम

महाविद्यालयात विद्यार्थ्याने कोणते विषय घ्यावेत, हे त्याच्याशी बसून ठरवणारा शैक्षणिक सल्लागार आपल्याकडे फारसा परिचित नाही. अमेरिकेतील विद्यापीठांत हा रीतसर पेशा आहे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवता शिकवता हे काम करणारे अध्यापकही तेथे आहेत.

याचे मूळ विषयनिवडीच्या मोकळिकीत आहे. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले व त्यांनी ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. निवड आली, तशी वाट दाखवणाऱ्याची गरजही आली. १९७२ मध्ये टेरी ओबॅनियन यांनी या कामाच्या पाच पायऱ्या सांगितल्या : आयुष्यात काय हवे, कोणता व्यवसाय हवा, मग अभ्यासक्रम, मग विषय आणि सर्वांत शेवटी वेळापत्रक. त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन यांनी दोन रीती वेगळ्या केल्या. एका रीतीत सल्लागार डॉक्टरासारखे विषय लिहून देतो. दुसरीत विद्यार्थ्यासह विचार करतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही मेजर, मायनर आणि क्रेडिट हे शब्द रूढ झाले. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट लागतात. पण आपण पाचव्या पायरीपासून सुरुवात करतो : कोणता तास कोणत्या तासाला आडवा येतो, एवढेच पाहतो.

समजा, वडोदऱ्यातील मराठी घरातली, इतिहास मेजर घेतलेली मुलगी म्हणते, "मायनरला मराठी नको, त्यात पुढे काही नाही." वेळापत्रक पाहणारा लगेच दुसरा विषय सुचवील. पहिल्या पायरीवरचा अध्यापक विचारील, "तुला पुढे काय करायचंय?" जुन्या कागदपत्रांवर काम करायचे आहे, असे ती म्हणाली, तर बडोदे संस्थानचे मोडी कागद आपल्याच गावात आहेत, हे तिला सांगता येईल. निर्णय तिचाच, पण आता तो माहितीवर उभा राहील.

कवितेतील न बोललेले ऐकण्याची सवय भाषेच्या अध्यापकाला असते. "पुढे काही नाही" या वाक्यामागे अनास्था आहे की घरची काळजी, हे त्यालाच ओळखता यावे. कार्यभाराच्या तक्त्यात या बैठकीला बहुधा रकाना नसतो. तरीही बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या वर्गात किती बाके भरतील, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

अध्यापकांसाठी स्वाध्याय : यंदा प्रवेश-अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या पायरीचा एक प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा.