छातीतला पंप



ऊस विकासाच्या पानावर हृदयाचा विषय कशाला, असे काहीजण म्हणतील. गेल्या हंगामात तोडणी चालू असताना आमच्या एका सभासदांच्या छातीवर दडपण आले, डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला. 'पित्त असेल' म्हणून ते सोडा पिऊन बांधावर बसून राहिले, ट्रॉली भरेपर्यंत. दवाखाना गाठायला रात्र झाली. जीव वाचला, पण आता फडाच्या कडेपर्यंत चालतानाही त्यांना दम लागतो. म्हणून हे लिहीत आहोत.

हृदय आपल्या मुठीएवढे, वजन साधारण ३०० ग्रॅम. खरे पाहता हे एकात एक जोडलेले दोन पंप आहेत. उजवा रक्त फुफ्फुसांकडे लोटतो, डावा सर्व अंगात. रक्त उलटे फिरू नये म्हणून चार झडपा. फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पंपाचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देऊन ५ लिटर रक्त ढकलते. अंगात एकूण रक्तही साधारण तेवढेच! पूर्वी समजूत अशी, की रक्त रोज नवे तयार होते आणि पाटाचे पाणी रानात जिरावे तसे अंगात जिरते. इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी साधा हिशेब मांडला. एका ठोक्याचे रक्त गुणिले तासाचे ठोके, तर आकडा माणसाच्या वजनाच्याही वर जातो. एवढे रक्त आणायचे कुठून? तेव्हा तेच रक्त फिरून येते, असे त्यांनी १६२८ मध्ये ग्रंथात मांडले. रोहिणीतले रक्त नीलेत कसे उतरते, हे मात्र त्यांना दिसले नव्हते. ते १६६१ मध्ये इटलीच्या माल्पिगींनी बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्या केशवाहिन्या इतक्या बारीक, की तांबड्या पेशी एकामागून एक जातात. प्राणवायू व अन्न तिथेच उतरते, टाकाऊ माल तिथेच उचलला जातो.

परतीच्या नीलांत दाब फार कमी. पायातले रक्त वर चढवायला पोटऱ्यांचे स्नायू पिळ देतात. दिवसभर एका जागी उभे राहिले की पाय सुजतात ते यामुळे.

आता मुद्द्याची गोष्ट. साऱ्या अंगाला रक्त देणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागते. महारोहिणी निघते तिथेच त्यासाठी दोन बारीक फाटे फुटतात. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, साखर यांनी आतून चरबीचा थर साचतो. तो फुटून वर गुठळी धरली की फाटा बंद, आणि त्याच्या पुढचा स्नायू मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. तो काही खोडवा नव्हे. गुठळी विरघळवण्याचे औषध आणि नळी उघडण्याचा उपाय आहे, पण पहिल्या तासांतच त्याचा खरा उपयोग. मधुमेही माणसांत आणि बायकांत कधी छाती दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते, गळून जायला होते.

अशा वेळी माणसाला बसवून ठेवावे, चालवू नये, मोटारसायकल त्याच्या हाती देऊ नये. १०८ ला फोन करताना गट नंबर सांगून उपयोग नाही. डांबरी रस्त्यावरची खूण सांगावी आणि एकाला तिथे उभे करावे.